जेवणानंतर वाचायची पत्रं

९ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मंगळवारी आलं. त्याचा खालचा कोपरा बोक्यानं खाल्ला, त्यामुळे बाबांच्या खुब्याबद्दल डॉक्टर काय म्हणाले ते सध्या त्याच्या पोटात आहे. पुन्हा लिही. त्याला आता चार दात आलेत आणि ते चालवायला तो काहीही शोधतो. दातांच्या लॅबमध्ये काम करणाऱ्या बाईच्या पोटी जन्माला आल्याचं सार्थक करतोय.

इकडची खबर विचारलीस. इकडे राज्य ढमाबाईंचं आहे. बाईसाहेब साडेतीन वर्षांच्या झाल्या आणि 'का' या एका शब्दावर घर चालवतात. पाणी ओलं का, मोजा डावा का, बोका आपल्याकडेच का राहतो. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मीही शोधतेय. आमचे मोजणीसाहेब सोमवारी उजाडताच दुर्बीण आणि तिपाई खांद्यावर टाकून रस्त्याच्या कामावर जातात ते शनिवारी संध्याकाळी उगवतात. त्यांना बघून मुलं नाचतात. मीही नाचते, पण घरात दोन जादा हात आले म्हणून.

वाघ, शेळी आणि गवताचा भारा नदीपार न्यायचं कोडं बाबा आपल्याला घालायचे, आठवतं? ते मी रोज सोडवते. तीन मजले, एक ढमी, एक बोका, एक बाबागाडी, एक पिशवी. बोक्याला आधी खाली नेऊन ठेवावं तर वर ढमी एकटी, आणि ती गॅसचं बटण फिरवायला शिकलीय. ढमीला आधी न्यावं तर ती रस्त्यावर. गाडी आधी नेली तर ती कुणीतरी उचलून नेईल, आणि खरं सांगते, मी त्याच्यामागे धावणार नाही. रोज सगळे सुखरूप पार होतात. त्या कोड्यात नावाडी दमतो का, हे मात्र कुणी विचारत नाही.

परवा दुधाला गेले तेव्हा दोन गल्ल्या पुढे जाऊन लॅबच्या खिडकीतून डोकावले. लॅबवाल्या काकांनी माझं टेबल अजून कुणाला दिलेलं नाही. दिवा, मेणाची वाटी, माझी बारकी सुरी, सगळं होतं तिथेच आहे. काकांनी खुणेनं आत बोलावलं, मी गाडीकडे बोट दाखवलं. ताई, कवळीचं किती बरं असतं. लावली तिथे बसते, आणि रडत नाही.

तू पंधरा दिवस येशील का? गादी देते, उशी देते, खिडकीजवळची जागा देते, आणि दोन मुलं वर फुकट. बघ, असा सौदा पुन्हा मिळणार नाही. तू आलीस तर मी दुपारी थोडा वेळ लॅबमध्ये जाऊन बसेन, एवढंच डोक्यात आहे.

बाबांना आणि आईला नमस्कार. ढमीचा पापा, बोक्याची लाळ. लोभ आहेच, त्याला फाटा फुटू नये.

तुझी
ठकी


१८ जानेवारी

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

अगं, काय पत्र लिहितेस! आपल्याकडचा रिवाज तुला माहीतच आहे, घरात आलेलं पत्र घराचं. जेवणं झाली, आईनं टेबल पुसलं, बाबा खुर्चीत टेकले आणि मी वाचायला घेतलं. बोक्यानं पत्र खाल्लं तिथपासून जी सुरुवात झाली ती थांबेना. आईला हसता हसता ठसका लागला. नावाड्याच्या वाक्याला तर बाबांनी मांडीवर थाप मारली आणि मग ओय ओय करत बसले, कारण मांडी दुखऱ्या खुब्याचीच होती. दुसऱ्या दिवशी चष्म्याच्या दुकानात मी ते कवळीचं वाक्य आपल्या काच घासणाऱ्या मामांना ऐकवलं. त्यांच्या तोंडात दोन्ही कवळ्या आहेत, तरी हसले. तू फोन करतेस तेव्हा ढमी ओरडत असते आणि बाबांना एक अक्षर ऐकू येत नाही. त्यापेक्षा पत्रच बरं, दोनदा वाचता येतं.

डॉक्टर म्हणाले, खुब्याचं ऑपरेशन लांबणीवर टाकू नका. म्हणजे आता काठी, आधार, उठवणं, बसवणं. दुकानाची किल्ली एका हातात आणि बाबा दुसऱ्या हातात, असं माझं चाललंय. तुला दोन लहान मुलं आहेत तर मला दोन म्हातारी. माझी पत्र खात नाहीत, एवढाच फरक. तेव्हा इतक्यात कुठे यायला जमणार? बघू, पुढेमागे जमवू.

आणि बाई, एवढ्यात दमलीस? आईनं आपल्या दोघींना वाढवलं तेव्हा हाताशी ना मशीन ना बाबागाडी, आणि बाबा सकाळी गेले की दुकानातून रात्रीच यायचे. कधी तोंडातून चकार शब्द नाही. मुलं झोपली की तूही झोपत जा, सगळ्यांत सोपा उपाय. हे दिवस पुन्हा येत नाहीत गं. लॅब कुठे पळून जातेय?

लवकर लिही. बाबा रोज जेवणानंतर माझ्या तोंडाकडे बघतात.

मुलांना खूप खूप पापे. तुझ्यावर लोभ आहे तो आहेच.

तुझी
ताई


२ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मुलं झोपली की झोपत जा, हा तुझा निरोप मी मुलांना कळवला. दोघांनी एकाच वेळी झोपणं त्यांच्या तत्त्वात बसत नाही, असं उत्तर आलं. बोका झोपला की ढमीला शी येते, ढमी लवंडली की बोक्याला भूक लागते. चुकून एखाद्या दुपारी दोघं झोपलीच तर मी त्यांच्या मधोमध बसते आणि श्वास घेतात का ते बघते. झोपायचं राहून जातं.

परवा दवाखान्यात मोठीच गंमत झाली. बोक्याच्या कानात दुखत होतं. तिथल्या बाईंनी नाव विचारलं, मी बोक्याचं सांगितलं. वय विचारलं, सांगितलं. मग आईचं नाव विचारलं आणि मी आपली गप्प. आठवेचना. त्या पेन धरून थांबल्या. मी ढमीची आई असं सांगून टाकलं. त्या हसल्या, रांगेतल्या बायकाही हसल्या, मग मीही. दारातून बाहेर पडल्यावर नाव आठवलं, पण परत जाऊन सांगण्याइतकं ते महत्त्वाचं वाटलं नाही.

खालच्या शिंपीणबाईंनी ढमीला चिंध्यांची बाहुली करून दिली. ढमीनं तिला जमिनीवर पालथी झोपवली आणि सगळ्यांना गप्प बसायला सांगितलं, बाहुली आई आहे आणि तिचं डोकं दुखतंय. शिंपीणबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, पोरगी नकला फार छान करते.

मोजणीसाहेब दोन शनिवार आले नाहीत, पुलाचं काम आहे. फोनवर विचारतात, सगळं ठीक ना. मी म्हणते, ठीक. ठीक म्हटलं की फोन लवकर संपतो.

इथून पुढचं वाचून दाखवू नकोस.

ताई, गुरुवारी बोका सकाळपासून रडत होता. कान दुखत असेल, दात येत असतील, काय असेल ते. मी त्याला पाळण्यात ठेवलं, ढमीला त्याच्याजवळ बसवलं आणि मोरीत जाऊन दाराला कडी घातली. नळ पूर्ण सोडला. बादली भरून वाहायला लागली तरी सोडलेलाच ठेवला, त्याचं रडणं ऐकू येऊ नये म्हणून. मला राग आला नव्हता. राग आला असता तर बरं झालं असतं, निदान काहीतरी आलं असतं. मी नुसती बसले होते. या दोघांकडे बघते तेव्हा कुणाची तरी मुलं थोडा वेळ सांभाळायला घेतलीत आणि त्यांच्या आईला यायला उशीर झालाय असं वाटतं. ती आई कधी येणार गं?

पंधरा दिवस नको. आठ दिवस ये. चार दिवस ये. बाबांना आई बघेल, दुकान मामा बघतील. मी गंमत करत नाहीये.

आईबाबांना नमस्कार. लोभ असू दे.

ठकी


१३ फेब्रुवारी

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

या वेळी तर कमालच केलीस. दवाखान्याचा प्रसंग बाबांनी दोनदा वाचायला लावला. आणि 'इथून पुढचं वाचून दाखवू नकोस' ही काय जागा घेतलीस! मी ते वाक्यसुद्धा मोठ्यानं वाचून गेले, मग जीभ चावली, पण बाबा म्हणाले, आता खरं पत्र सुरू झालं, थांबू नकोस. घरात चोरून वाचायचं काय असतं? मग काय, वाचलं शेवटपर्यंत. नळ सोडून मोरीत बसलेली तू डोळ्यांपुढे उभी राहिलीस. 'ती आई कधी येणार' याला बाबांनी टाळीच मागितली. नाटकात जायला हवी होतीस, दात कसले करत बसलीस! 'मी गंमत करत नाहीये' असं तू लहानपणीही अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणायचीस आणि मग आम्हाला पोट धरून हसवायचीस.

आई मात्र मागाहून भांडी विसळताना म्हणाली, पोरगी वेळेवर जेवते ना? मी म्हटलं, जी एवढं लिहिते ती जेवतही असेल. तरी तिचं समाधान झालं नाही. तिनं लगेच बोक्यासाठी विणायला घेतलं, तो निळा स्वेटर सोबत पाठवतेय. ढमीला दुकानातला एक छोटा गॉगल. लावून आरशात बघ म्हणावं, राणीसारखी दिसशील.

बाबांचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात. ते होऊन ते चालायला लागले की उन्हाळ्यात नक्की येते, अगदी काळ्या दगडावरची रेघ समज. तोवर जरा स्वतःकडे बघ. केस विंचर, चांगली साडी नेस, मुलांना घेऊन बागेत जा. मन रमवलं की रमतं.

पुढच्या पत्राची वाट पाहतोय, तिघंही. आमचं प्रेम तुला पुरून उरेल इतकं आहे.

तुझी
ताई


३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि पार्सल पोचलं. स्वेटर बोक्याला बसला. ढमीला गॉगल आवडला. बाबांचं ऑपरेशन नीट झाल्याचं कळलं, बरं वाटलं. त्यांनी पथ्य सांभाळावं.

इकडे सर्व ठीक आहे. मुलं मजेत आहेत. बोक्याचा कान बरा झाला. मी रोज वेळेवर जेवते, आईला सांग. हे पुलाच्या कामावरच आहेत.

तुझ्या सोयीनं ये. नाही जमलं तरी चालेल.

आईबाबांना नमस्कार. लोभ असावा.

ठकी


१० मार्च

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून जिवात जीव आला. घडी बसली एकदाची! मी आईला म्हटलंच होतं, सुरुवातीला सगळ्यांचंच असं होतं, मग अंगवळणी पडतं. पत्र कसं शहाण्या बाईसारखं, जिथल्या तिथे. बाबा मात्र नाराज आहेत. ते खुर्चीत सावरून बसेपर्यंत पत्र संपलंसुद्धा. आजाऱ्याची तेवढीच करमणूक होती म्हणाले. तेव्हा पुढच्या वेळी हात जरा सैल सोड.

घाईत लिहितेय, दुकानात गर्दी आहे. सविस्तर मागाहून. मुलांना पापे, तुला मायेचा हात.

ताई


१९ मार्च

ती. ताईंना,
सा. न. वि. वि.

मी कधी पत्र लिहीत नाही, त्यामुळे हे कसं लिहायचं ते मला कळत नाही. फोन दोनदा लावला आणि वाजायच्या आत ठेवला, म्हणून लिहितो. मुलं सुखरूप आहेत. हे आधी वाचा आणि मग पुढचं.

मंगळवारी सकाळी हिनं मुलांना खाऊ घातलं, ढमीला सांगितलं की दूध घेऊन येते, आणि बाहेरून कुलूप लावून गेली. दुकान कोपऱ्यावर आहे. ती दुकानात गेलीच नाही, लॅबमध्ये गेली. काकांना वाटलं, मुलं मी सांभाळतोय. खालच्या जबड्याची एक कवळी अर्धवट राहिली होती, ती त्यांनी हिच्यापुढे ठेवली. ही तिच्या टेबलाशी बसली आणि काम करत राहिली. काका म्हणतात, हात पूर्वीसारखाच चालत होता, जेवायला बोलावलं तर नको म्हणाली.

दुपारी शिंपीणबाई अंगणात कपडे काढायला गेल्या आणि त्यांनी वर बघितलं. ढमी स्टुलावर चढून उघड्या खिडकीत उभी होती. अर्धी बाहेर. आई कुठून येते ते बघत होती. बाईंनी हाका मारल्या नाहीत. तिला दचकवायचं नाही, एवढं त्यांना सुचलं. त्यांनी खालून तिला बाहुलीबद्दल काहीबाही विचारत बोलण्यात गुंतवलं आणि त्यांच्या मुलीनं शेजारच्या सुताराला बोलावून कुलपासकट दाराची कडी उचकटून काढली. आत बोका रडून रडून निळा पडला होता.

बाईंची मुलगी लॅबमध्ये धावत गेली. तिनं हिला सगळं सांगितलं. ही म्हणाली, एक दात राहिलाय, लावते आणि येते. आणि तो लावूनच आली, ताई.

डॉक्टर म्हणतात, हा आजार आहे, बरा होतो, पण फार दिवस अंगावर काढलाय. औषध चालू आहे, ती सारखी झोपते. मी मुलांना माझ्या आईकडे नेऊन ठेवलं आहे. कामावर सांगून इथल्या कचेरीत नकाशांचं काम मागून घेतलं, म्हणजे रोज संध्याकाळी घरी येता येतं. हे आधी करायला हवं होतं, ते मला तुम्ही सांगायला नको. मी फोनवर विचारायचो, ती ठीक म्हणायची, आणि मला ठीक हवंच असायचं.

पण एक विचारतो, रागावू नका. तिनं तुम्हाला लिहिलेली सुरुवातीची पत्रं, घरी आलो तेव्हा, मीच टपालात टाकली आहेत. जाडजूड पाकिटं असायची. त्यात तिनं काहीच लिहिलं नव्हतं का?

आईबाबांना जपून सांगा. कृपा असू द्यावी.

आपला,
ढमीचा बाबा


२४ मार्च

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

काय लिहू? चार वेळा कागद फाडला. तुझ्या यजमानांचं पत्र आलं ते मी दुकानातच उघडलं आणि घरी नेलं नाही. संध्याकाळी शटर अर्धं खाली ओढून तुझी सगळी पत्रं काढली आणि एकटीनं, ओठ न हलवता वाचली. एकदाही हसू आलं नाही. शब्द तेच आहेत, एक काना इकडचा तिकडे नाही. दिवसभर मी लोकांना वरची ओळ वाचा, खालची वाचा म्हणून बसवते, आणि माझं मलाच दिसू नये? मला माझी लाज वाटते.

आईला सांगितलं. ती आत जाऊन पडली. बाबांना अजून सांगितलेलं नाही. त्यांनी टाळी मागितली होती हे त्यांना आठवलं तर ते उठायचे नाहीत.

तू कशाचीही काळजी करू नकोस. औषध घे, झोप काढ, विश्रांती घे. मुलं आजीकडे लाडात असतील. तुला त्यांची फार आठवण येत असेल ना? रडू येत असेल तर रड, मन मोकळं कर. आईचं काळीज आहे, दोन दिवसांत पूर्ववत होईल बघ. मी तू म्हणशील तेव्हा येते. बाबांची डॉक्टरांकडे तपासणीची तारीख आहे, शिवाय मामा रजेवर जातायत, पण तू म्हणशील तेव्हा येते. फक्त एक शब्द टाक.

पोटच्या पोरीसारखी तुझ्यावर माया केली आहे गं मी. ती कमी पडली असेल तर क्षमा कर.

तुझीच
ताई


२९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. दोन दिवस उशाशी पडून होतं. डोळे उघडे राहतात तेवढ्यात थोडं थोडं लिहिते आहे, अक्षर वाकडं आलं तर चालवून घे.

तू लाज वाटते असं लिहिलंस. वाटू दे किंवा नको वाटू दे, मला त्याचं काही करता येणार नाही. तुझी समजूत काढायची वेळ पूर्वी माझ्यावर आली असती तर काढली असती, चार विनोदही केले असते. आता माझ्याकडे तेवढंही उरलेलं नाही. बाबांना सांगू नकोस. त्यांना हसवायला मलाच आवडायचं. घरात शिरताना सगळ्यांनी माझ्याकडे बघून आधीच हसायला लागावं, याची मला लहानपणापासून चटक होती. त्यामुळे खरं लिहायला बसले की हात आपोआप गमतीकडे वळायचा. तेव्हा सगळा दोष तुम्हाला देत नाही. थोडा देते.

सगळे मला एकच विचारतात, तेव्हा भान हरपलं होतं का. डॉक्टरांनीही विचारलं. ह्यांना तर हो हवंय, मी हो म्हटलं तर हे शांत झोपतील. म्हणून त्यांना हो सांगितलं. तुला खरं सांगते. भान होतं. कुलूप लावताना किल्ली कुठल्या खिशात टाकली ते आठवतं. दुधाच्या दुकानासमोर उभी राहिले, आत दोन माणसं होती, आता घ्यावं आणि परतावं हे कळत होतं. पाय पुढे गेले. टेबलाशी बसल्यावर मेण गरम केलं, पहिला दात बसवला, तो बरोबर बसला. किती दिवसांत माझ्या हातून एक गोष्ट सुरू होऊन पूर्ण झाली. म्हणून दुसरा बसवला. मधूनमधून मुलं आठवत होती. ती घरात आहेत, दार बंद आहे, बोका उठला असेल. हे सगळं कुणीतरी शेजारच्या खोलीत बोलत असल्यासारखं ऐकू येत होतं, आणि आपण उठायचं असतं हे काही त्यात येत नव्हतं. ती मुलगी धावत आली, खिडकीचं सांगायला लागली, तेव्हाही मी शेवटच्या दाताकडे बघत होते. आता डोळे मिटले की ती खिडकी दिसते. तेव्हा दिसली नाही.

मुलांची आठवण येत असेल ना, असं विचारलंस. नाही येत. मी वाट बघतेय यायची. रोज औषध घेतल्यावर पडल्या पडल्या ढमीचा चेहरा डोळ्यांपुढे आणते, बोक्याच्या मानेचा वास आठवून बघते. वास आठवतो. पण पुढे काही होत नाही. तू लिहिलंस की आईचं काळीज दोन दिवसांत पूर्ववत होतं. मग माझ्याकडे काय आहे? डॉक्टर म्हणतात, वेळ लागेल, परत येईल. शिंपीणबाई रोज दुपारी जेवण घेऊन येतात आणि मी पहिला घास खाईपर्यंत समोर बसतात. त्यांचे एवढे उपकार आहेत आणि त्यांच्याकडे बघतानासुद्धा माझ्या आत काही होत नाही.

ढमी परवा सासूबाईंच्या फोनवरून बोलली. तिनं 'का' विचारलं नाही. मी चांगलं वागेन, बोक्यालाही रडू देणार नाही, असं सांगितलं. साडेतीन वर्षांची पोर. मी बरं म्हणाले आणि फोन ह्यांच्याकडे दिला.

सासूबाईंना गुडघ्यांमुळे आता झेपत नाही. रविवारी मुलं घरी येणार आहेत. सकाळी हे त्यांना आणायला जातील, दुपारी परत येतील. शिंपीणबाई रविवारी लग्न झालेल्या थोरल्या मुलीकडे जातात. म्हणजे बेल वाजेल तेव्हा घरात मी एकटी असेन. दार मी उघडायचं आहे. बोका काय, तो कुणाच्याही कडेवर जातो. ढमी मात्र उंबऱ्यात उभी राहून आधी माझ्या तोंडाकडे बघेल. ती हल्ली सगळ्यांच्या तोंडाकडे बघते. तिला बघून माझ्या चेहऱ्यावर काहीच आलं नाही तर तिला ते दिसेल, ताई. एकदा दिसलं की ते मला पुसून काढता येणार नाही. मी आरशासमोर हसून बघितलं. हसू येतं, जुनी सवय आहे. पण ते खोटं आहे हे तिला कळेल. तुम्हा तिघांना कळलं नसतं, तिला कळेल.

तू म्हणशील तेव्हा येते, असं लिहिलंस. मी म्हणून झालंय. पंधरा दिवस म्हणाले, आठ म्हणाले, चार म्हणाले. आता एकच म्हणते. शनिवारच्या गाडीनं ये. रविवारी दार उघडताना माझ्या शेजारी उभी राहा. मी नुसती उभी राहीन. तू ढमीला पुढे होऊन उचल, आणि तिला तुझ्या चेहऱ्याकडे बघू दे. माझ्याकडे नंतर बघू दे.

आईला नमस्कार. लोभ आहे, तो मला ठाऊक आहे. या वेळी लोभ नको, तू ये.

ठकी